लहान डिस्टिलरीची उभारणी: धान्याचं मॅशिंग आणि स्पिरिटचं गाळण यासाठी उपकरणं कशी निवडावीत

पहिल्यांदा डिस्टिलरी उभारणारा माणूस बजेटचा मोठा वाटा तांब्याच्या पॉट स्टिलसाठी, म्हणजे दारूच्या भट्टीसाठी, राखून ठेवतो. ते स्वाभाविक आहे, कारण बाहेरून येणाऱ्याच्या नजरेत तीच भरते. पण रोजच्या कामात घोडं अडतं ते दुसरीकडेच: दाण्यातल्या स्टार्चची साखर करून ती पाण्यात उतरवून (हेच मॅशिंग) तो रस चोथ्यातून स्वच्छ गाळून घेताना, आणि शेवटी बाटलीत भरण्याआधी स्पिरिट (भट्टीतून निघालेलं तीव्र मद्य) गाळताना. माझं मत स्पष्ट आहे. पैसे आणि डोकं पहिल्या गाळणीवर खर्च करा, म्हणजे दुसरीला फार थोडं काम उरतं. गढूळ रस पुढे गेला की त्याच्याबरोबर धान्यातली चरबी आणि बारीक कण जातात. ते भट्टीच्या तळाला करपतात आणि स्पिरिटला जड, कोंड्यासारखा वास देतात. नितळ रसातून फळांच्या अंगाचं, हलकं स्पिरिट येतं. भट्टीत शिरलेला दोष शेवटच्या फिल्टरनं निघत नाही. निघालाच तर सोबत चवही निघून जाते.

आकडे हवेत तरंगू नयेत म्हणून पुढे एकच उदाहरण घेतो: सातूच्या (बार्लीच्या) माल्टपासून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या दाण्यांपासून, सिंगल माल्ट व्हिस्की बनवणारं छोटं युनिट, एका वेळी 250 किलो माल्ट.

खरेदीआधी परवाना

महाराष्ट्रात 1949चा दारूबंदी कायदा लागू आहे. परवान्याशिवाय दारू गाळणं हा गुन्हा आहेच, पण त्या हेतूनं भट्टी किंवा तिचं साहित्य बाळगणं हाही गुन्हा आहे. त्यामुळे 'आधी लहानशी भट्टी आणून घरी शिकू' हा मार्ग बंद आहे, आणि तो बंद असणंच योग्य आहे. शिकायचं असेल तर परवानाधारक डिस्टिलरीत काम करा, किंवा मॅशिंगपुरतं मायक्रोब्रुअरीत शिका. तिथलं मॅशिंग जवळजवळ हेच असतं.

राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे जो नकाशा मंजूर होतो, त्यात टाक्या, पाइपलाइन आणि कुलूप-सील लावायच्या जागा दाखवाव्या लागतात. फिल्टर कुठे बसणार हे नंतर ठरवू म्हटलं तर नकाशा पुन्हा मंजुरीला न्यावा लागतो. म्हणून हा लेख वाचताना कागदावर चौकोन आखत जा.

पायरी 1: धान्य ठरवा, मगच यंत्रं

सगळ्यात महाग चूक इथे होते. सातूच्या दाण्याला घट्ट साल असते आणि तीच साल मॅश टनमध्ये (मॅशिंगच्या, जाळीचा तळ असलेल्या टाकीत) गाळणीचं काम करते. भारतात जास्त पिकणारा सहा-ओळी सातू साल आणि प्रथिनं जास्त, स्टार्च थोडा कमी असा असतो. म्हणजे टनामागे अल्कोहोल थोडं कमी मिळतं, पण गाळायला तो मदत करतो. बंगळुरूची अमृत आणि गोव्यातल्या कुंकळ्ळीची पॉल जॉन या डिस्टिलऱ्यांनी याच सातूवर नाव कमावलं.

ज्वारी, मका, तांदळाची कणी, बाजरी यांचं गणित वेगळं आहे. एक तर चोथ्याचा थर बनवायला साल नाही. दुसरं, यांचा स्टार्च सातूपेक्षा जास्त तापमानाला फुगतो, म्हणून आधी शिजवावं लागतं. मका 85 ते 95 अंशांवर शिजवतात, मग पातळ करणारं एन्झाइम, मग थंड करून माल्ट किंवा साखर करणारं एन्झाइम. ज्वारीचा माल्ट करता येतो, पण त्यात बीटा-अमायलेज (स्टार्चची साखर करणारं एक एन्झाइम) कमी असतं, त्यामुळे त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

अशा धान्याचा रस मॅश टनच्या जाळीतून गाळायचा प्रयत्न करू नका. अमेरिकेतल्या बर्बनवाल्यांनी (मुख्यतः मक्याची व्हिस्की बनवणाऱ्यांनी) हा प्रश्न केव्हाच बाजूला सारला आहे. ते गाळतच नाहीत, चोथ्यासकट आंबवतात आणि चोथ्यासकट गाळप (भट्टीतलं ऊर्ध्वपातन) करतात. तसं करायचं तर पहिल्या गाळपाची भट्टी वाफेवर चालणारी आणि आत ढवळणी असलेली हवी. थेट जाळावरच्या भट्टीत चोथा करपणारच. म्हणजे धान्याच्या निवडीवरून भट्टी ठरते, भट्टीवरून धान्य नाही.

तिसरा मार्ग मॅश फिल्टरचा. यात बारीक पीठ करून रस कापडाच्या पट्ट्यांमधून दाबून काढतात. स्कॉटलंडमध्ये टीनिनिच आणि इंचडेअर्नी या डिस्टिलऱ्या तसं करतात. उतारा उत्तम मिळतो आणि साल नसलेलं धान्यही चालतं, पण कापडं, पंप आणि देखभाल यांचा भार 250 किलोच्या युनिटला झेपत नाही. नवख्यानं इकडे वळू नये.

पायरी 2: भरडणी

दोन किंवा चार रोलरची गिरणी घ्या, फट मिलिमीटरच्या भागात बदलता येईल अशी. हॅमर मिल स्वस्त आणि सहज मिळते, पण ती सालीचाही भुगा करते. तो भुगा जाळीवर बसला की रस थांबला. चोथ्यासकट आंबवणार असाल तर मात्र हॅमर मिलच बरी.

फट साधारण 1.0 ते 1.3 मिमीपासून सुरू करा आणि पुढचा निर्णय चाळणीवर सोडा. थरांची चाळणी-पेटी मिळते: वरची जाळी सुमारे 2 मिमी, खालची सुमारे 0.2 मिमी. भरडलेल्या माल्टचा 100 ग्रॅमचा नमुना तीत घालून ठरलेला वेळ हलवायचा आणि तिन्ही थर वजन करायचे. वर साल सुमारे 20 टक्के, मध्ये कणी सुमारे 70, तळाला पीठ सुमारे 10. ही कणी लापशीच्या रव्यासारखी दिसली पाहिजे आणि साल शक्यतो सलग, आतून रिकामी. सालीला आत पांढरं चिकटलेलं दिसलं तर फट मोठी आहे. पीठ 15 टक्क्यांकडे सरकलं तर फट लहान आहे, किंवा माल्ट फार कोरडा आहे. प्रत्येक नवीन पोत्यांच्या लॉटला ही चाचणी करा. मी पाहिलेल्या अडकलेल्या, म्हणजे रस उतरायचा थांबलेल्या, मॅशपैकी बहुतेकांचं मूळ इथे होतं, टाकीत नव्हतं.

गिरणीच्या आधी खडे काढणारी चाळण आणि लोहचुंबक हवाच. माल्टमधला एखादा खिळा रोलरवर घासला की ठिणगी पडते आणि धान्याची धूळ स्फोटक असते. गिरणीची खोली वेगळी, दार घट्ट, मोटर धूळबंद, यंत्राला अर्थिंग. झाडताना धूळ उडवू नका, योग्य व्हॅक्यूमनं ओढून घ्या.

पायरी 3: गरम पाणी

250 किलोला पहिलं पाणी चारपट, म्हणजे 1000 लिटर. शिवाय चोथ्यात उरलेली साखर धुऊन काढायला पुढची दोन पाणी. म्हणून 1500 लिटरची एक इन्सुलेटेड टाकी आणि तिसरं पाणी साठवायला दुसरी, थोडी लहान. 1000 लिटर पाणी 28 वरून 68 अंशांवर न्यायला सुमारे 46 युनिट वीज लागते. दोन तासांत तापवायचं तर हिशेबाला 24 किलोवॅट आणि उष्णतेची गळती धरून 30 किलोवॅटची सोय करा. पुढे भट्टीलाही वाफ लागणारच, त्यामुळे बरेच जण सुरुवातीलाच छोटा बॉयलर घेतात. त्याची नोंदणी आणि तपासणी वेगळी असते, हे वेळापत्रकात धरा.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर टाकीच्या आधी कोळशाचा फिल्टर लावा. क्लोरीन आणि धान्यातले फिनॉल एकत्र आले की औषधासारखा वास येतो आणि तो भट्टीतल्या गाळपानंही निघत नाही.

आता तापमान. मॅश (माल्ट आणि पाण्याचं मिश्रण) 64 अंशांवर बसवायचा आहे. माल्ट पाण्यापेक्षा थंड असतो, म्हणून पाणी थोडं जास्त गरम घ्यावं लागतं. चारपट पाण्यासाठी सोपा हिशेब असा: 64 मधून माल्टचं तापमान वजा करा, त्याचा दहावा भाग 64 मध्ये मिळवा. मे महिन्यात गोदामातला माल्ट 38 अंशांवर असेल तर पाणी 66.6 अंश. नाशिकच्या थंडीत माल्ट 14 अंशांवर असेल तर 69. बाहेरच्या पुस्तकातला एकच आकडा वर्षभर वापरला तर उन्हाळ्यात मॅश दोन-अडीच अंशांनी वर जातो. बीटा-अमायलेज तेवढ्यानंही लवकर मरतं, आणि तेच एन्झाइम यीस्टला खाता येईल अशी साखर बनवतं. थर्मामीटर पोत्यात खुपसून माल्टचं तापमान घेण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. पोकळ टाकीही उष्णता खाते, म्हणून आधी थोडं गरम पाणी फिरवून ती तापवून घ्या.

पायरी 4: मॅश टन

सगळ्या प्लांटमध्ये फॅब्रिकेटरसमोर बसून सर्वाधिक वेळ घालवावा असं हे भांडं आहे.

आकार: 1000 लिटर पाणी आणि 250 किलो माल्ट मिळून सुमारे 1170 लिटर होतात. एकूण क्षमता 1500 लिटर घ्या. व्यास उंचीपेक्षा महत्त्वाचा. चोथ्याचा थर फार जाड असेल तर रस उतरत नाही, फार पातळ असेल तर गाळला जात नाही. 1.4 मीटर व्यासाला सुमारे दीड चौरस मीटर तळ मिळतो आणि निथळल्यावर थर 35 सेंटिमीटरच्या आसपास राहतो. हे प्रमाण चांगलं चालतं. जागा कमी म्हणून उंच, अरुंद टाकी घेऊ नका.

जाळीचा तळ: वेज वायरचाच घ्या, फटी 0.7 ते 0.75 मिमी. वेज वायरची तार वरून रुंद आणि खाली निमुळती असते, त्यामुळे वरून आत शिरलेला कण मध्ये अडकून बसत नाही, खाली पडतो. भोकं पाडलेला पत्रा निम्म्या किमतीत मिळतो, पण भोकात कण रुततो आणि हातानं काढावा लागतो. तळ तुकड्यांत हवा, एका माणसाला उचलून बाहेर काढता येईल एवढ्या वजनाचा. जाळीखाली जे राहतं ते दुसऱ्या दिवशी आंबतं आणि पुढच्या मॅशला लागण करतं. जाळीखाली धुण्याचे स्प्रे बसवून घ्या, आणि तुकडे जिथे जुळतात तिथली फट हातानं तपासा. एक जरी मोठी फट राहिली तरी सगळा गाळ तिथूनच निघतो.

ढवळणी: संथ फिरणारी, वेग बदलता येणारी, थर कापत जाणाऱ्या पात्यांची. पाती वर-खाली होणारी मिळाली तर सोन्याहून पिवळं. वेगवान पंख्यासारखी ढवळणी नको, ती साल फाडते.

मिसळणी: भरड आणि पाणी टाकीत पडण्याआधीच एका आडव्या नळीत भिजतील अशी सोय करा. त्यानं कोरडे गोळे राहत नाहीत आणि धूळही उडत नाही.

धातू म्हणून एसएस 304 (स्टेनलेस स्टीलचा एक दर्जा) पुरेसा आहे. वेल्डिंग आतून घासून गुळगुळीत केलेलं हवं, आणि पाइपांना दुग्धव्यवसायात वापरतात तसे टीसी क्लॅम्प (हातानं उघडता येणारे जोड). डेअरीची यंत्रं बनवणारे आपल्याकडे भरपूर आहेत. मायक्रोब्रुअऱ्या सुरू झाल्यापासून पुण्याच्या परिसरातल्या काही फॅब्रिकेटरना मॅशिंगच्या टाक्यांचा सरावही झाला आहे. त्यांच्याकडून कोटेशन घेताना एक गोष्ट लक्षात ठेवा: बिअरच्या सेटमध्ये रस उकळायची केटल येते. व्हिस्कीत रस उकळत नाहीत. एन्झाइम जिवंत राहून आंबवण्याच्या टाकीतही काम करत राहायला हवेत. ती केटल यादीतून काढायला लावा.

आणि आता ती वस्तू, जी यादीत विसरली जाते: अंडरबॅक. मॅश टनच्या खाली बसणारं 50-80 लिटरचं उघडं भांडं. रस आपल्या वजनानं त्यात उतरतो आणि पंप तिथून उचलतो. पंप थेट मॅश टनला जोडला तर तो थराला खालून ओढतो, साल जाळीवर आवळून बसते आणि पाच-दहा मिनिटांत प्रवाह बंद होतो. एवढ्याशा भांड्यानं रोजची कटकट वाचते.

त्यासोबत दोन उभ्या काचनळ्या लावून घ्या. एक जाळीच्या वर जोडलेली, एक जाळीच्या खाली. काम सुरळीत असताना दोन्हींतली पातळी जवळजवळ सारखी असते. थर आवळायला लागला की खालच्या नळीतली पातळी घसरते. 20 सेंटिमीटरचा फरक दिसला की व्हॉल्व्ह थोडा बंद करा. रस अजून वाहतोच आहे म्हणून पाहत बसू नका, कारण वाहणं थांबेपर्यंत थर पक्का झालेला असतो.

पायरी 5: एक मॅश, सुरुवातीपासून

पाणी आणि भरड एकत्र सोडा, मॅश 64 अंशांवर बसवा, सामू (पीएच) 5.2 ते 5.5 मध्ये आहे का पाहा. हलकं ढवळून तासभर राहू द्या. मग पांढऱ्या बशीत थोडा रस घेऊन आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, आणखी थांबा. आयोडीनचाच रंग राहिला तर पुढे चला. नमुन्यात साल घेऊ नका, ती तशीही काळी पडते. तपासलेला नमुना परत टाकीत ओतायचा नाही.

ढवळणी बंद करून 15-20 मिनिटं थर बसू द्या. पहिला रस गढूळच येतो. तो अंडरबॅकमधून पंपानं परत वर, थर न उसकटता, हलक्या हातानं सोडा. काचेत धरल्यावर पलीकडची छापील अक्षरं वाचता आली की रस पुढे पाठवा. मिनिटाला 8 ते 10 लिटर हा वेग या तळाला झेपतो. पहिला रस 700 ते 750 लिटर मिळेल. थर उघडा पडण्याआधी दुसरं पाणी, सुमारे 500 लिटर, 75 ते 78 अंशांवर, वरून शिंपडत सोडा. दोन्ही मिळून 1250 लिटर रस आणि घनता (पाणी 1 धरून) 1.055 ते 1.060 यायला हवी. नीट आंबला तर यातून 85 ते 95 लिटर शुद्ध अल्कोहोलची अपेक्षा धरा. तिसरं पाणी 85-90 अंशांवर, उरलीसुरली साखर धुऊन काढायला. ते आंबवण्याकडे जात नाही, दुसऱ्या टाकीत साठवून उद्याच्या मॅशचं पहिलं पाणी म्हणून वापरायचं.

मध्येच अडकलं तर? काचनळीतली पातळी कोसळलेली, अंडरबॅकमध्ये फक्त थेंब. अशा वेळी पंप जोरात चालवणं हा सगळ्यात वाईट उपाय. व्हॉल्व्ह बंद करा. जाळीखालून 75 अंशांचं 40-50 लिटर पाणी हळू सोडा, थर वर उचलला जातो. पात्यांनी एक-दोन फेऱ्यांत थर कापा, पुन्हा दहा मिनिटं बसू द्या आणि गढूळ रस परत फिरवण्यापासून सुरुवात करा. जाळीखाली पाणी सोडायचा हा जोड फॅब्रिकेटरला आधीच सांगितलेला असला पाहिजे. नंतर टाकीला भोक पाडता येत नाही. भरडणी फारच बारीक झाली असेल तर धुतलेली भाताची तूस माल्टच्या 3-5 टक्के मिसळून तो लॉट संपवता येतो.

रस थंड करायला प्लेट हीट एक्स्चेंजर. इथे आपल्या हवेचा विचार करा: उन्हाळ्यात साधं पाणीच 30 अंशांवर असतं, त्यानं रस 20-22 अंशांवर येणार नाही. पहिला टप्पा साध्या पाण्यानं आणि दुसरा चिलरच्या पाण्यानं करा. पहिल्या टप्प्यातून निघालेलं गरम पाणी पुढच्या मॅशला घ्या, इंधन वाचतं.

चोथा ओला सुमारे 250 ते 300 किलो निघतो. जवळच्या गोठ्याशी आधीच बोलून ठेवा आणि त्याच दिवशी उचलायला लावा. आपल्या उष्णतेत तो दुसऱ्या दिवसापर्यंत आंबतो, आणि बुरशी धरलेला चोथा जनावरांना घालू नये. चोथा काढायला मॅश टनला खाली मोठं दार हवं. आत माणूस उतरवायची वेळ आलीच तर ढवळणीची वीज तोडून कुलूप लावा. आंबवण्याच्या टाकीत तर कधीच डोकं घालू नका. तिथे साचलेला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही आणि काही श्वासांत माणूस कोसळतो.

पायरी 6: स्पिरिट गाळायचं कशासाठी, हे आधी ठरवा

गाळणीची तीन वेगवेगळी कामं असतात आणि त्यांची उपकरणं वेगळी आहेत. व्हिस्की मुरवायच्या, आतून जाळलेल्या लाकडी पिंपातले कोळशाचे कण काढणं, थंडीत येणारा धूसरपणा टाळणं, आणि वास-चव काढून टाकणं.

त्याआधी एक गोष्ट ठामपणे लिहितो. कोणताही फिल्टर मिथेनॉल काढत नाही. कोळसा नाही, पॅड नाही, थंड गाळणही नाही. 2015च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूनं शंभरहून अधिक माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. धान्याच्या मॅशमध्ये मिथेनॉल फारच कमी बनतं. धोका येतो तो बाहेरून आणलेल्या, उद्योगासाठीच्या अल्कोहोलमुळे. त्यामुळे विकत घेतलेल्या प्रत्येक न्यूट्रल स्पिरिटच्या (चव-वास नसलेल्या तीव्र अल्कोहोलच्या) लॉटला प्रयोगशाळेचा अहवाल मागा आणि संशय असेल तर माल परत करा. गाळून वापरू, हा विचारसुद्धा मनात आणू नका.

*पिंपाचे कण.* पिंप रिकामं करताना स्टेनलेसची जाड चाळणी, मग 5 ते 10 मायक्रॉनची कार्ट्रिज (बदलता येणारी नळीसारखी गाळणी) आणि बाटलीत भरण्याआधी 1 मायक्रॉनच्या आसपासची. स्टेनलेसचं हाउसिंग (बाहेरचं कवच), आत पॉलिप्रोपिलीनची कार्ट्रिज. बहुतेक लहान माल्ट डिस्टिलऱ्यांना एवढंच पुरतं.

*धूसरपणा.* व्हिस्कीत लांब साखळीच्या फॅटी आम्लांचे एस्टर असतात. अल्कोहोलची तीव्रता 46 टक्क्यांच्या खाली गेली आणि बाटली गार झाली की ते पाण्यात विरघळून राहत नाहीत आणि व्हिस्की ढगाळ दिसते. आपल्या बाजारात 42.8 टक्के ही रूढ तीव्रता आहे, त्यामुळे हा प्रश्न येतोच. उपाय दोन. एक, 46 किंवा त्याहून जास्त तीव्रतेवर बाटलीत भरा आणि थंड गाळण करूच नका. अमृतची फ्युजन 50 टक्क्यांवर येते. दुसरा, स्पिरिट शून्य ते उणे 4 अंशांपर्यंत थंड करून सेल्युलोजच्या पॅडमधून गाळा. नवख्या माल्टवाल्याला मी पहिला उपाय सुचवेन. चिलर, जॅकेटची टाकी आणि पॅड फिल्टर यांचा खर्च वाचतो, आणि तोंडात व्हिस्कीला जो भरीवपणा येतो तोही याच एस्टरमुळे येतो.

निर्णयाआधी स्वतःच्या मालाची चाचणी करा. भरायच्या तीव्रतेवर आणलेलं स्पिरिट स्वच्छ, पारदर्शक बाटलीत भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी अंधाऱ्या खोलीत बाजूनं टॉर्चचा झोत टाका. झोताची वाट दुधट दिसली तर धूसरपणा आहे. आता बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या. पुन्हा नितळ झाली तर ते एस्टर. तशीच राहिली, किंवा तळाला पांढरट साका बसला, तर तुमचं तीव्रता उतरवायचं पाणी दोषी आहे. पाण्यातलं कॅल्शियम अल्कोहोलमध्ये सुटं होतं. त्यावर महागडा फिल्टर नको, आरओ किंवा क्षारमुक्त पाणी हवं. हिरवट-काळपट छटा दिसली तर कुठेतरी लोखंड लागलं आहे: एखादा साधा नट, गंजका क्लॅम्प, पिंपाच्या तोंडाशी खिळा. पिंपातल्या टॅनिनशी लोखंड मिळालं की हा रंग येतो.

पॅड फिल्टर घेणारच असाल तर 20 सेंटिमीटर चौरस पॅडचं, वीसेक पॅडचं यंत्र लहान युनिटला पुरतं. त्यातून तासाला 300 लिटरच्या आसपास काढा, जास्त नाही. नवे पॅड आधी क्षारमुक्त पाण्यानं भरपूर धुवा, नाहीतर पहिल्या बाटल्यांना कागदाचा वास येतो. पॅडमध्ये राहिलेल्या पाण्यानं पहिले काही लिटर पातळ होतात, ते वेगळे काढून टाकीत परत घाला आणि सगळं मिसळल्यावर तीव्रता पुन्हा मोजा. आत-बाहेरच्या दाबातला फरक उत्पादकानं दिलेल्या मर्यादेपुढे, बारीक पॅडला साधारण 1.5 बारपुढे, नेऊ नका. जोर लावला की पॅड फाटतो आणि अडवलेलं सगळं पुढे जातं. पॅडमध्ये काही स्पिरिट मुरून वाया जातं. त्याची नोंद प्रत्येक वेळी वहीत हवी, कारण उत्पादन शुल्काच्या हिशेबात लिटरमागे लिटर जुळवावा लागतो.

*वास आणि चव.* व्होडका किंवा जिनचा पाया स्वच्छ करायला सक्रिय कोळशाचा स्तंभ. नारळाच्या करवंटीचा, खाद्य दर्जाचा, आम्लानं धुतलेला कोळसा घ्या. आधी पाण्यानं धुऊन काळी भुकटी काढून टाका. स्पिरिट 40 ते 50 टक्क्यांवर उतरवून मगच सोडा, जास्त तीव्रतेला कोळसा अशुद्धी नीट पकडत नाही. 20 लिटर कोळसा असेल तर तासाला 20 ते 40 लिटर या वेगानं सुरू करा आणि चव पाहून बदला. स्तंभाच्या पुढे बारीक कार्ट्रिज हवीच. पिंपात मुरलेल्या व्हिस्कीला मात्र हा कोळसा लावू नका, रंग आणि वर्षांची मेहनत दोन्ही शोषून घेतो. अमेरिकेतल्या टेनेसीत व्हिस्की मेपलच्या कोळशातून झिरपवतात आणि 2013 पासून तिथल्या कायद्यातही ते आहे, पण ती पिंपात भरण्याआधीची क्रिया आहे, आणि तो कोळसाही वेगळा.

पायरी 7: आग आणि गॅस्केट

40 टक्के स्पिरिटची वाफ सुमारे 26 अंशांवरच पेट घेऊ शकते, 60 टक्क्यांची 22 अंशांवर. आपल्याकडची बहुतेक दुपार याच्या वर असते. म्हणून स्पिरिटच्या खोलीत फ्लेमप्रूफ मोटर, फ्लेमप्रूफ दिवे, टाकी-पंप-फिल्टर एकमेकांना आणि जमिनीला अर्थिंगनं जोडलेले, आणि जमिनीलगत हवा खेचणारं व्हेंटिलेशन हवं, कारण अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा जड असते. उघडे पॅड फिल्टर ठिबकतात. खाली ट्रे ठेवा, किंवा बंद हाउसिंगचं यंत्र घ्या. मॅशसाठीचा साधा पंप कधीही स्पिरिटला जोडू नका, दोन्ही बाजूंचे पाइप वेगवेगळ्या रंगाचे ठेवा. वापरलेला कोळसा आणि पॅड स्पिरिटनं भिजलेले असतात. पाण्यानं धुतल्याशिवाय ते कचऱ्यात जाता कामा नयेत.

गॅस्केट (जोडातली चकती) पीटीएफई (टेफ्लॉन) किंवा ईपीडीएमचे (स्पिरिटला टिकणाऱ्या रबराचे). साधं रबर आणि पारदर्शक पीव्हीसीची नळी स्पिरिटला चालत नाही. अल्कोहोल त्यातली द्रव्यं ओढून घेतं आणि ती बाटलीत उतरतात. प्रत्येक आकाराचे पाच-दहा गॅस्केट जादा मागवा, ऐन बाटलीकामाच्या दिवशी तोच फाटतो.

पायरी 8: माल ताब्यात घेताना

फॅब्रिकेटरच्या शेडमध्येच पाण्यावर चाचणी घ्या. मॅश टन भरून खालचा व्हॉल्व्ह उघडा आणि 1000 लिटर किती वेळात उतरतात ते लिहून ठेवा. जाळी बुजत चालली आहे का, हे नंतर त्याच आकड्याशी ताडून कळतं. टाकी पूर्ण रिकामी होते का, की कडेला पाणी साचतं? साचलं तर तळाचा उतार चुकला आहे, तिथेच दुरुस्त करून घ्या. जाळीचे तुकडे स्वतः काढून, स्वतः बसवून पाहा. फिल्टरचं हाउसिंग पाण्यानं दाब देऊन तपासा. स्टेनलेसचं प्रमाणपत्र मागा.

जागेवर बसवल्यानंतर पहिला मॅश निम्म्या वजनाचा करू नका. थर पातळ राहतो, रस नितळ होत नाही आणि यंत्राबद्दल चुकीचा अंदाज बांधला जातो. पूर्ण 250 किलोच घ्या, पण दिवस मोकळा ठेवून, सकाळी लवकर सुरू करून. दर पंधरा मिनिटांनी तापमान, दोन्ही काचनळ्यांची पातळी आणि रसाची घनता लिहा. स्पिरिटच्या बाजूला प्रत्येक गाळणीनंतर दोन बाटल्या बाजूला काढा: एक गाळण्याआधीची, एक नंतरची, दोन्हींवर तारीख, तीव्रता आणि फिल्टरचा लॉट. महिन्याभरानं दोन्ही ग्लासांत ओतून शेजारी-शेजारी चाखा. आधीची बाटली जास्त आवडली, तर पुढच्या लॉटला तो फिल्टर काढून ठेवा.